आधी स्टँड बघा, मग कॅन अडकवा



डेअरीवर दूध घालायला, पौडला बँकेत, गटाच्या बैठकीला आपल्यातल्या बऱ्याच जणी आता दुचाकीवरून जातात. टायरची हवा आपण बघतो, साइड स्टँड मात्र कुणी बघत नाही. भरल्या कॅनसकट गाडी आडवी झाली तर दूध गेलंच. पण शेजारी लेकरू उभं असलं तर?

म्हणून आज एवढं करा. स्टँड हातानं हलवून बघा. खिळखिळा लागला तर बोल्ट सैल किंवा झिजलेला असतो. स्प्रिंग ढिली असेल तर चालत्या गाडीत स्टँड खाली येतो, डाव्या वळणावर रस्त्याला अडकतो आणि गाडी उलटते. बोल्ट-स्प्रिंग बदलून भागलं तर उत्तम. स्टँडच वाकला असेल तर ठोकून सरळ करू नका, नवा मजबूत बसवा. तो आपल्याच मॉडेलचा हवा. लांब झाला तर गाडी उजवीकडे पडते, आखूड झाला तर डावीकडे फार कलते. स्टँडला सेन्सर असेल तर त्याची वायर परत जोडून घ्या.

आपल्याकडे पावसात तांबड्या चिखलात स्टँड रुततो. त्याखाली फरशीचा तुकडा ठेवा. दोन्ही बाजूंना कॅन असतील तर भरताना आधी डावा अडकवा, उतरवताना आधी उजवा काढा. म्हणजे वजन स्टँडच्या बाजूला राहतं.

पाऊस सुरू व्हायच्या आत प्रत्येकीनं आपल्या गाडीचा स्टँड तपासून घ्या.