संकोचाच्या पलीकडे : शिश्नरोपण शस्त्रक्रियेची पूर्वतयारी आणि शल्यचिकित्सकाची निवड

(रुग्णालयाच्या आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही हितचिंतकांनी आम्हांला विचारले की, त्र्यंबकेश्वरासारख्या तीर्थक्षेत्री, धर्मादाय रुग्णालयाच्या व्यासपीठावरून असा विषय मांडणे योग्य दिसेल काय? हा प्रश्न रास्त आहे. परंतु मराठीत या विषयावर शास्त्रशुद्ध बोलण्याची परंपरा नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, खटले व उपहास सोसून ते चालविले. त्यांच्यावरील १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली होती. त्या मानाने आमचे धाडस अगदीच किरकोळ आहे.

हा विषय आम्ही का निवडला, हे सांगण्यासाठी दोन रुग्णांची हकिकत थोडक्यात निवेदन करतो. ओळख पटेल असा तपशील अर्थातच वगळला आहे.

पहिले गृहस्थ पन्नाशीचे शेतकरी. बारा वर्षांचा मधुमेह. पायाच्या जखमेसाठी ते आमच्याकडे येत. तिसऱ्या मलमपट्टीच्या दिवशी त्यांच्या पत्नीने परिचारिका भगिनीला बाजूला घेऊन हलक्या आवाजात खरी अडचण सांगितली. चार वर्षांपासून पतीला ताठरता येत नव्हती. रस्त्याकडेच्या तंबूतील एका वैद्याकडे गाय विकल्याचे पैसे खर्च झाले होते. चार वर्षे आम्ही या गृहस्थांची साखर मोजत होतो, डोळे तपासत होतो, पाय पाहत होतो. परंतु हा एक प्रश्न आम्ही त्यांना कधी विचारला नाही.

दुसरा रुग्ण बावीस-तेवीस वर्षांचा, सिकलसेलग्रस्त तरुण. वेदनायुक्त ताठरता तीन दिवस उतरली नव्हती. घरात मोठी माणसे असल्याने कोणास सांगावे, या विवंचनेत ते तीन दिवस गेले. सिकलसेलमध्ये रक्तपेशी अडकून असे घडू शकते. चार तासांहून अधिक टिकलेली ताठरता हा तातडीचा प्रसंग आहे. वेळेत आल्यास सुईने साकळलेले रक्त काढून आणि इंजेक्शन देऊन बहुधा अवयव वाचविता येतो. तीन दिवसांनंतर आतील उती कायमच्या निकामी होतात. या तरुणाचे तसेच झाले. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. आदिवासी पाड्यांवर तपासणी करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने मुलांना व पालकांना ‘चार तास’ ही मर्यादा अवश्य सांगावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आता मूळ विषयाकडे वळू.

ताठरतेचा अभाव हा पुष्कळदा अन्य आजाराचा निरोप असतो. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटर व्यासाच्या, तर हृदयाच्या धमन्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर प्रथम लहान नळीत अडथळा करतो. म्हणून काही रुग्णांत ही तक्रार हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसते. तेव्हा पहिली पायरी शस्त्रक्रिया नव्हे, तपासणी होय : रक्तशर्करा, रक्तदाब, चरबी, सकाळी घेतलेले टेस्टोस्टेरॉन, हृदयाचा आलेख आणि चालू औषधांची उजळणी. दुसरी पायरी तोंडावाटे घ्यावयाच्या गोळ्यांची. मात्र हृदयासाठी जिभेखाली ठेवावयाची नायट्रेट वर्गातील गोळी घेणाऱ्याने त्या कदापि घेऊ नयेत. रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. त्यापुढे निर्वात पंपाचे साधन आणि शिश्नात द्यावयाची इंजेक्शने हे उपाय आहेत. हे उपाय निष्फळ ठरल्यास, सोसवत नसल्यास किंवा रुग्णाने ते विचारपूर्वक नाकारल्यास शिश्नरोपणाचा विचार करावा. प्रदीर्घ ताठरतेने उती नष्ट झालेल्या रुग्णांत मात्र हा विचार लवकर करावा लागतो, कारण कालांतराने आत घट्ट व्रण तयार होऊन शस्त्रक्रिया अवघड होते.

रोपण म्हणजे काय? शिश्नात दोन समांतर नळीसारखे कप्पे असतात. त्यांत दोन कृत्रिम दांड्या बसविल्या जातात. एक प्रकार वाकविता येणाऱ्या दांड्यांचा. बाहेरून सिलिकॉन, आत धातूची तार. दुसरा द्रवाने फुगणारा. त्यात दोन नळ्या, अंडकोशात बसविलेला छोटा पंप आणि बहुतेक प्रकारांत ओटीपोटात मिठाच्या पाण्याची लहान पिशवी असते. हा दुसरा प्रकार अमेरिकेतील ब्रँटली स्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रथम मांडला. वाकविता येणारे भारतीय बनावटीचे रोपण मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी विकसित केले असून परदेशी फुगणाऱ्या रोपणांच्या तुलनेत ते पुष्कळ स्वस्त पडते. पहिला प्रकार साधा व बिघाडास कमी वाव असलेला. परंतु दांड्या सदैव ताठ राहत असल्याने कपड्यांत लपविण्यास थोडी सवय लागते. दुसरा अधिक नैसर्गिक वाटतो. परंतु तो महाग आहे, आणि पंप दाबण्यासाठी हाताची बोटे कुशल हवीत. संधिवाताने बोटे आखडलेल्या रुग्णाने हे ध्यानात घ्यावे.

यातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट व्हावे. संबंधास पुरेशी ताठरता मिळते. स्पर्शज्ञान व सुखाची जाणीव सामान्यतः पूर्वीसारखीच राहते. लांबी वाढत नाही. उलट अनेकांना ती किंचित कमी झाल्यासारखी वाटते. शस्त्रक्रियेनंतर नैसर्गिक ताठरता परत येण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही; हा माघारीचा मार्ग नसलेला निर्णय आहे. आणखी एक गोष्ट या क्षेत्री विशेषत्वाने सांगणे अगत्याचे वाटते. अपत्यप्राप्तीच्या इच्छेने येथे विधींसाठी अनेक जोडपी येतात. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. परंतु ताठरता आणि शुक्रजंतू हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रोपणाने शुक्रजंतूंची संख्या वाढत नाही. त्यासाठी पती-पत्नी दोघांचीही स्वतंत्र तपासणी करावी.

आता पूर्वतयारी. या शस्त्रक्रियेचा मोठा शत्रू म्हणजे जंतुसंसर्ग. प्रतिजैविकाचा लेप असलेली रोपणे प्रथमच बसविताना तो शंभरात साधारण एक ते तीन जणांना होतो. अनियंत्रित मधुमेहात व पुनःशस्त्रक्रियेत धोका वाढतो. एकदा संसर्ग झाला की बहुधा संपूर्ण रोपण काढावे लागते. म्हणून तयारीचे बहुतेक नियम या एका शत्रूविरुद्ध आहेत.

साखर आटोक्यात आणावी. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणी आठ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावी, असा अनेक शल्यचिकित्सकांचा आग्रह असतो. नेमका आकडा आपल्या डॉक्टरांनी ठरवावा. श्रावणी सोमवारचे उपवास करून साखर खालीवर होऊ देऊ नये. लघवीतील जंतुसंसर्ग, पायाची जखम, जांघेतील नायटा, किडलेला दात यांचा आधी उपचार करावा. तंबाखू व विडी काही आठवडे आधीच सोडावी; जखम भरण्यास रक्तपुरवठा लागतो आणि तंबाखू तोच आवळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. हृदयाचे डॉक्टर व शल्यचिकित्सक यांनी मिळून ठरवावे. दिलेल्या जंतुनाशक साबणाने स्नान करावे. परंतु घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. बारीक जखमांतून जंतू शिरतात. ते काम रुग्णालयातच होऊ द्यावे.

दिवसही विचारपूर्वक निवडावा. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस वेदना व सूज असते, सुमारे चार ते सहा आठवडे जड काम आणि संबंध वर्ज्य असतात. आपल्याकडे आषाढात भातलावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि पौषात संत निवृत्तिनाथांची यात्रा. कापणी उरकून, घरात हात मदतीला असताना शस्त्रक्रिया करणे सोयीचे. जखम पूर्ण भरेपर्यंत कुशावर्तातील स्नान, नदीतील डुबकी आणि ब्रह्मगिरीची फेरी टाळावी. देव थांबतो, जखम थांबत नाही.

पत्नीला या निर्णयात सामील करून घ्यावे. पुष्कळ पुरुष तिच्यापासूनच सर्वाधिक लपवितात; आणि ती मात्र, आमचे मन उडाले असे समजून, वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहते. डॉक्टरांपुढे दोघांनी एकत्र बसून घेतलेला एक तास पुढची अनेक वर्षे वाचवितो.

आता शल्यचिकित्सकाची निवड. आमच्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होत नाही. त्यासाठी येथून सुमारे तीस किलोमीटरवरील नाशिक, अथवा पुणे-मुंबई गाठावे लागते. म्हणूनच योग्य दार कोणते, हे सांगणे आमचे कर्तव्य ठरते. भिंतीवरील रंगविलेल्या पाट्यांवर जाऊ नये. लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ सालच्या केंद्रीय कायद्यानेच मनाई केली आहे. शल्यचिकित्सक मूत्ररोग शस्त्रक्रियेतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवीधर असावा, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील त्याची नोंदणी चालू आहे, याची खात्री करावी.

पदवीनंतर अनुभव. पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि निःसंकोच विचारावेत. ही शस्त्रक्रिया आपण स्वतः आजवर किती केल्या, आणि गेल्या वर्षी किती? दोन्ही प्रकारची रोपणे आपण बसविता काय, आणि माझ्यासाठी कोणता प्रकार व का? आपल्या किती रुग्णांना संसर्ग झाला, किती जणांचे रोपण काढावे लागले? तसा प्रसंग आल्यास पुनःशस्त्रक्रिया आपणच करता काय? घरी गेल्यावर रात्री ताप आला तर फोन कोण उचलेल? रोपणाची किंमत धरून एकूण खर्च किती, आणि तो लेखी मिळेल काय? नियमित ही शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांत गुंतागुंत कमी असते, हे वैद्यकातील सर्वमान्य निरीक्षण आहे. चांगला शल्यचिकित्सक या प्रश्नांनी रागावत नाही. जो गोळ्यांचा विषयही न काढता पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख देतो, ‘आजच पैसे भरा’ म्हणतो किंवा शंभर टक्के यशाची हमी देतो, त्याच्याकडून उठून दुसरे मत घ्यावे. ही शस्त्रक्रिया क्वचितच इतकी तातडीची असते की दुसऱ्या मतास वेळ नसावा.

खर्चाविषयी एक सूचना. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. शस्त्रक्रियेपूर्वी त्या रुग्णालयातील समाजसेवकास भेटून, उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका दाखवून, रोपणाची किंमत या सवलतीत कशी धरली जाईल ते विचारून घ्यावे. विमा असल्यास मंजुरी लेखी घ्यावी. घरी निघताना रोपणाचे नाव व क्रमांक असलेली चिठ्ठी मागून घेऊन जपून ठेवावी. पुढे एमआरआय किंवा लघवीची नळी घालण्याची वेळ आल्यास ती डॉक्टरांना दाखवावी. ताप, वाढती सूज, पू, किंवा कमी होत जाऊन पुन्हा वाढलेली वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाशी संपर्क साधावा.

प्रारंभी सांगितलेल्या दोन रुग्णांचे पुढे काय झाले? शेतकरी बंधूंना नाशिकच्या शल्यचिकित्सकांनी तीन महिने थांबावयास सांगितले. त्या तपासणीत हृदयाचा दोष आढळला व वेळीच उपचार झाले. तंबाखू सुटली, साखर उतरली. गोळ्यांचा उपयोग झाला नाही, तेव्हा दोघा पती-पत्नींनी विचार करून वाकविता येणारे रोपण स्वीकारले. त्या तरुणाची शस्त्रक्रियाही पार पडली. परंतु पहिल्या काही तासांत तो आला असता तर तिची बहुधा गरजच पडली नसती. ही टोचणी आम्हांला आहे.

त्या टोचणीतून बाह्यरुग्ण विभागात आम्ही एक छोटा बदल केला. मधुमेहाच्या तपासणीपत्रिकेवर डोळे आणि पाय यांच्या खाली आता आणखी एक ओळ आहे, आणि तो प्रश्न प्रत्येक पुरुष रुग्णास दार लावून विचारला जातो. रुग्णास वाटल्यास त्याने उत्तर देऊ नये. परंतु विचारण्याचा संकोच यापुढे आमच्याकडून होणार नाही.