छत्रीखालचे गाव

या अधिवेशनासाठी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कल्याण, मुरबाड आणि थेट कोल्हापूर-गोव्याहून आलेले केबलचालक, कॅमेरामन, निवेदक, वसुलीसाठी जिने चढून गुडघे झिजवलेले माझे सहकारी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यातही आपल्याला दार उघडणारे प्रेक्षकहो,

स्वागताध्यक्षाने मांडवाचा नि जेवणाचा खर्च सांभाळावा, चार शब्द बोलावेत आणि खाली बसावे, अशी आपल्याकडची रीत आहे. मांडव आणि जेवण सांभाळले आहे. चार शब्दांत आवरेन याची हमी देत नाही, कारण शहाडला व्यासपीठ मिळण्याचे प्रसंग फार थोडे. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलला आमचे स्टेशन पहिलेच लागते, पण ते येते न येते तोच मागे पडते. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना 1956 पासून इथे आहे. बिर्ला मंदिरात आमचा विठोबा आहे. पलीकडे उल्हास नदी आहे. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला पाणी पुरवणाऱ्या ‘स्टेम’ योजनेच्या नावातला पहिला ‘एस’ शहाडचा, उरलेले नाव टेमघरचे. म्हणजे पाणी इथून तिकडे जाते. बातम्या मात्र कायम तिकडून इकडे आल्या.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि वरळीहून निघालेले चित्र आमच्या अँटेनांवर उतरू लागले. त्या केंद्राचे ऋण मोठे आहे. ‘आमची माती, आमची माणसं’ पाहून शेतकरी शिकला. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने तर प्रेक्षकांना खुर्चीतून उठवून गावोगाव मंडळे काढायला लावली. पण त्या पडद्यावर शहाड दिसायचे ते गाडी घसरली तर, किंवा नदीने पात्र सोडले तर. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये पाणी किती वाजता येणार, बदलापूरच्या शाळेचा दहावीचा निकाल काय लागला, मलंगगडाच्या यात्रेला जादा गाड्या आहेत का, हे सांगणे वरळीचे काम नव्हते. त्यांना तो दोष मी देत नाही. एका मनोऱ्याने अर्ध्या महाराष्ट्राशी बोलायचे तर गल्लीचे नाव घेता येत नाही.

असे गल्लीचे नाव घेणारे केंद्र आपल्या देशात एकदा सरकारनेच काढून पाहिले होते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज या गावी 1975 मध्ये एक किलोवॅटचे छोटे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. अहमदाबादच्या इस्रोच्या लोकांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम केले. सावकारी, मजुरी, अस्पृश्यता असे विषय त्यात होते. युनेस्कोने त्याचा गौरव केला. आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ते केंद्र बंद झाले. खाजगी माणसाला तर हवेतून टीव्हीचे प्रक्षेपण करायची परवानगी या देशात आजतागायत मिळालेली नाही. अमेरिकेत एखाद्या शहरात कोणी आपले छोटे केंद्र काढतो, परवाना घेतो, मनोरा उभा करतो आणि वाण्याच्या जाहिरातीवर ते चालवतो. आपल्याकडे हे दारच नव्हते.

आपण आलो ते तारेवरून. तेही ठरवून नाही, हे आज मोकळेपणाने बोलू या. आधी व्हिडिओ लायब्ररी होती. लायब्ररीवाल्याने एका व्हीसीआरची तार इमारतीतल्या दहा घरांत टाकली आणि रात्री एक हिंदी, एक इंग्रजी असे दोन सिनेमे दाखवू लागला. जानेवारी 1991 मध्ये आखाती युद्ध पेटले, पंचतारांकित हॉटेलांत लोकांनी सीएनएन पाहिले. त्याच वर्षी स्टार आले. 2 ऑक्टोबर 1992 रोजी, म्हणजे मुंबई दूरदर्शनच्या बरोबर विसाव्या वाढदिवशी, झी सुरू झाले. मग गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या उगवल्या. कॅम्पातल्या बराकींची घरे एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे तार न्यायला खांबसुद्धा लागत नव्हता. टॅप, स्प्लिटर, अ‍ॅम्प्लिफायर कुठले होते ते विचारू नका. यूएसएचे होते, आणि इथे जमलेल्या प्रत्येकाला ती यूएसए म्हणजे आपले उल्हासनगर हे माहीत आहे.

आता यंत्राची गोष्ट, कारण आपला सगळा इतिहास तिच्यात आहे. कंट्रोल रूममध्ये छत्रीकडून आलेल्या प्रत्येक वाहिनीला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर लागायचा. सगळे मॉड्युलेटर एका कंबायनरमध्ये जोडायचे आणि तिथून एकच तार गावात सोडायची. म्हणजे कंट्रोल रूमवाल्याने आणखी एक मॉड्युलेटर विकत घेतला आणि त्याला छत्रीऐवजी व्हीसीआर जोडला, की एक नवी वाहिनी तयार. ना उपग्रह, ना मनोरा. आधी त्यावर सिनेमेच लागले. मग कोणीतरी आपल्या दुकानाची पाटी दाखवायला सांगितली. मग पडद्याच्या तळाशी पट्टी धावू लागली. मग गणेश विसर्जनाची कॅसेट लागली आणि विसर्जनाला गेलेले सगळे गाव स्वतःला पाहायला टीव्हीसमोर बसले. तो दिवस मी आपल्या व्यवसायाचा जन्मदिवस मानतो, मग ते कोणत्याही वर्षी, कोणत्याही गावात घडलेले असो. मी कुठल्या एका वाहिनीचे नाव घेत नाही. घेतले तर उरलेले सगळे जेवताना माझ्याशी बोलायचे नाहीत.

आपले पहिले वार्ताहर कोण होते? लग्नाचे शूटिंग करणारे. मुहूर्त नसले की त्यांचा पॅनासॉनिकचा खांद्यावरचा कॅमेरा मोकळा असायचा. म्हणून त्या काळच्या आपल्या बातम्यांत नगराध्यक्ष भूमिपूजन करताना नवरदेवासारखे दिसतात, कोपऱ्यातून गुलाबाची पाकळी उमलते आणि नारळ फुटताच सनई वाजते. हसू येते, पण त्या पोरांनी अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी महाशिवरात्रीची गर्दी टिपली, चेटीचंडची मिरवणूक टिपली, आंबेडकर जयंतीच्या रात्रीचे उल्हासनगर टिपले. एकाच बातमीपत्रात निवेदिका मराठीत सुरू करायची, व्यापाऱ्याची मुलाखत सिंधीत व्हायची आणि फेरीवाला हिंदीत भांडायचा. कोणी भाषांतर मागत नव्हते. राष्ट्रीय एकात्मतेवर इतके अनुदान खर्च झाले आहे. हे काम आपण भिशीच्या पैशांत केले.

आणि कायदा? सुरुवातीला आपल्याला लागू करायला 1885 चा तार कायदाच होता. राजस्थान उच्च न्यायालयाने 1993 मध्ये त्याच जुन्या कायद्याखाली परवाना लागतो असे म्हटले, तेव्हा देशभरच्या केबलवाल्यांची झोप उडाली. 1994 च्या सप्टेंबरात वटहुकूम आला आणि 1995 मध्ये केबल कायदा झाला. त्याच 1995 च्या 9 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची नाही, असा निकाल दिला. तो लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेल्या भांडणातून एवढे मोठे तत्त्व निघाले. आपल्या वाट्याला काय आले? मुख्य पोस्ट ऑफिसात वर्षाला 500 रुपये भरून नोंदणी. टपाल तिकिटांच्या खिडकीशेजारी उभे राहून आपण प्रसारमाध्यम झालो. कायद्याने आपल्याला कोणत्या वाहिन्या दाखवायलाच हव्यात ते सांगितले, काय दाखवू नये तेही सांगितले. पण गावाची स्वतःची वाहिनी हवी की नको, याबद्दल त्यात अक्षर नाही. अमेरिकेत तारेचा परवाना देताना नगरपालिका केबल कंपनीला एक वाहिनी नागरिकांसाठी मोकळी ठेवायला सांगू शकते. आपल्याकडे नगरपालिकेने मागितले ते खांबांचे भाडे.

स्वागताध्यक्षाने कौतुकच करावे अशी अपेक्षा असते, तरी थोडे कडू बोलतो. आपण स्वतंत्र होतो, पण किती? वाहिनी कोणाची ते तार कोणत्या नगरसेवकाच्या गच्चीवरून जाते त्यावरून कळायचे. निवडणुकीच्या महिन्यात एका प्रभागात एकच उमेदवार उभा आहे असे आपल्या बातम्या पाहून वाटायचे. धंद्याच्या भांडणात रात्री एकमेकांच्या तारा कापल्या, आणि सकाळी ‘तांत्रिक अडचण’ अशी पट्टी लावली. वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आपण जगलो, म्हणून ज्याचा वाढदिवस मोठा त्याची बातमी मोठी झाली. हेही इतिहासात लिहावे लागेल.

26 जुलै 2005 विसरून चालणार नाही. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हासने बदलापूरपासून कल्याणच्या खाडीपर्यंत आपला जुना पाट परत मागितला. गावाला स्थानिक वाहिनीची सर्वांत जास्त गरज होती त्या रात्री आपण एक शब्द बोलू शकलो नाही. वीज नव्हती. अ‍ॅम्प्लिफायर लोकांच्या घरच्या विजेवर चालायचे आणि ती घरेच पाण्यात होती. आवाज आला तो बॅटरीवरच्या रेडिओचा. वीज परत आली तेव्हा मात्र आपण असे काम केले की त्याला तोड नाही. कोण कुठे सुरक्षित आहे याची नावे पट्टीवर फिरली, कोणत्या शाळेत जेवण आहे ते सांगितले, कोणत्या पुलावरून जाऊ नका ते दाखवले. मोठ्या वाहिन्या तेव्हा मिठी नदीवर होत्या, आणि त्यांचे तिथे असणे रास्तच होते. उल्हासवर आपणच होतो. त्या चित्रणाच्या किती कॅसेटी आज शिल्लक आहेत, हा प्रश्न मी इथे बसलेल्या प्रत्येक जुन्या कंट्रोल रूमवाल्याला गेले वर्षभर विचारतो आहे. बहुतेकांचे उत्तर एकच: त्यावर नंतर दुसरे काहीतरी भरले.

कारण साधे आहे. तीन तासांची कोरी कॅसेट स्वस्त नव्हती, आणि बातमी शिळी झाली की तिच्यावरच पुढची बातमी. जपून ठेवायचे असते हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते. ज्यांनी ठेवल्या त्यांच्या कोकणच्या दमट हवेने खाल्ल्या. आमच्या दोन पिढ्यांचे चालते-बोलते दफ्तर असे आम्हीच पुसले.

मग डिजिटल आले. 2012 च्या ऑक्टोबरात मुंबईसारख्या महानगरांपासून सुरुवात झाली आणि 2017 च्या मार्चपर्यंत टप्प्याटप्प्याने सगळा देश सेट टॉप बॉक्सखाली आला. चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या शेकड्यांनी आल्या, चोरी थांबली. हे सगळे चांगलेच झाले. पण जोड मारायची जागा आपल्या हातातून गेली. कंट्रोल रूम मोठ्या कंपनीकडे, कुलूप कंपनीचे, किल्ली कंपनीची. गच्चीवरचा जादा मॉड्युलेटर एका रात्रीत भंगार झाला. 2019 च्या दरपत्रकाने तर आपले स्थान आकड्यात सांगितले: शंभर वाहिन्यांचे 130 रुपये, त्यात ठरलेला करार नसेल तर कंपनीला 55 टक्के आणि गल्लीतल्या केबलवाल्याला 45. कोल्हापूरच्या ‘बी न्यूज’सारख्या किंवा गोव्यातल्या ‘प्रुडंट’सारख्या वाहिन्या टिकल्या, कारण त्यांच्यामागे एक अख्खा जिल्हा किंवा अख्खे राज्य होते. एका स्टेशनाची वाहिनी टिकली नाही. त्याआधीच, 2016 च्या जुलैत, जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले होते.

आज आपल्यातले निम्मे ब्रॉडबँड विकतात आणि उरलेले यूट्यूबवर आहेत. तिथे पोरे धडाडीने काम करतात. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह पुरात अडकली, तेव्हा पहिली चित्रे कोणाच्या तरी मोबाइलमधूनच बाहेर पडली. पण मोबाइलवरचा प्रेक्षक विखुरलेला असतो. शहाडची बातमी शहाडच्याच घरी पोचेल याची खात्री आता कोणी देत नाही. ती कोणाला दाखवायची ते दूरचे कोणतेतरी यंत्र ठरवते. आपली तार निदान कॅम्प एकच्या बाहेर जात नव्हती. तो तिचा दुबळेपणा होता, आणि तिच्या कामाचा भागही.

दुपारी विषयनियामक समितीपुढे स्वागत समितीतर्फे दोन ठराव येतील. सेट टॉप बॉक्सच्या यादीत प्रत्येक नगरपालिका क्षेत्रासाठी एक वाहिनी मोकळी ठेवावी आणि तिच्या जागेचे शुल्क कंपनीने घेऊ नये, हा पहिला. त्यावर वाद होईल, ती वाहिनी नगरसेवकांच्या ताब्यात जाऊ नये म्हणून काय करायचे यावर तर फारच होईल, आणि व्हावा. दुसरा ठराव उरलेल्या कॅसेटींचा आहे. तो मंजूर होईपर्यंत थांबायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. मांडवाच्या डाव्या बाजूला एक टेबल मांडले आहे. ज्यांनी पेटारे उघडून कॅसेटी आणल्या आहेत त्यांनी तिथे नोंद करावी. प्रत्येक कॅसेटवर जागा, साधारण वर्ष आणि त्यात कोण आहे एवढे लिहावे. नावे आठवत नसतील तर टेबलावर बसलेल्या आमच्या ज्येष्ठ कॅमेरामनांना विचारावे, त्यांनी या पट्ट्यातली बहुतेक लग्ने केली आहेत. पांढरी बुरशी दिसत असेल ती कॅसेट कृपया यंत्रात घालून पाहू नये. फीत तुटते, यंत्राचे हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटीला लागते. ती तशीच पिशवीत बांधून द्यावी.

नाश्त्याला दाल-पकवान आहे आणि ते गरम असेपर्यंतच खाण्यासारखे असते, म्हणून मी आता थांबतो. अध्यक्षमहोदय, पाहुणे आणि मित्रहो, स्वागत समितीच्या आणि समस्त शहाडकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो आणि उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी माइक हातात घ्यावा.