रामघाटावरचा हजेरीपट

एखाद्या विद्यालयाची योग्यता त्याच्या गुणवंत विद्यार्थ्यावरून ठरवावी की हजेरीपटावरून, हा प्रश्न काशीच्या रामघाटावर नव्याने उभा राहिला आहे. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या बाजूस मराठी घरांची जुनी वस्ती. तिच्याच सान्निध्यात वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय वसले आहे. २०२५ च्या अखेरीस या विद्यालयाचे नाव देशभर झाले, ते अहिल्यानगरच्या एकोणीस वर्षांच्या देवव्रत महेश रेखे या विद्यार्थ्यामुळे. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे २००० मंत्रांचे दंडक्रम पारायण त्याने ५० दिवसांत पूर्ण केले.

दंडक्रम ही वेदपठणाच्या आठ विकृतींपैकी एक. मंत्राची पहिली दोन पदे म्हणावयाची, ती उलट म्हणावयाची, पुन्हा आरंभापासून तीन पदांपर्यंत जावयाचे, तेथून उलट परतावयाचे, मग चार. मंत्र जितका लांब, तितक्या या येरझारा वाढत जातात, आणि प्रत्येक वेळी संधी व स्वर बदलतात. पोथीच्या आधाराने हे साधत नाही. त्याला लहानपणापासूनची संथा लागते.

अडचण तेथेच आहे. आठव्या वर्षी मुंज झालेला मुलगा दहा-बारा वर्षे संथा घेतो, तोवर त्याच्या बरोबरीची मुले महाविद्यालयात पोचलेली असतात. मग पालकांनी पाठवावे कशाच्या भरवशावर? युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाचा गौरव केला, तेव्हा हजाराहून अधिक शाखांपैकी तेराच उरल्याचे नमूद केले, आणि ज्या परंपरांना धोका आहे त्यांत महाराष्ट्रातील परंपराही गणली. (परंपरेने हे दार मुलींना आणि बहुसंख्य समाजाला बंदच होते, ही गोष्ट पटसंख्येची हळहळ करताना सहसा कोणी बोलत नाही.)

२०२२ मध्ये वेदविद्येसाठी स्वतंत्र राष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्याची वेदभूषण परीक्षा दहावीच्या, तर वेदविभूषण बारावीच्या तोडीची धरली जाते. पालकांची निम्मी चिंता यामुळे दूर व्हावी. तथापि गणित, विज्ञान आणि इंग्रजीसाठी जो वेळ द्यावा लागतो, तो आवृत्तीच्या वेळातूनच काढावा लागतो. तो द्यावा हे योग्यच आहे. मात्र त्यानंतर त्याच मुलाकडून त्याच वयात दंडक्रमाची अपेक्षा धरणे हिशेबाला सोडून होईल.

शिवाय एक गुरुजी एका वेळी मोजक्याच मुलांना संथा देऊ शकतात, कारण प्रत्येकाचा स्वर वेगळा ऐकावा लागतो. अनुदान केवळ मुलांच्या संख्येवर बेतले, तर पट वाढेल, पण मागच्या रांगेतील मुलाचा चुकलेला स्वर कोणाच्या कानी पडणार नाही. अनुदानाच्या अर्जात संथा देणारे गुरुजी किती, हा रकाना विद्यार्थिसंख्येच्या आधी असावयास हवा.