स्वतंत्रपूर : भिंतीविना तुरुंग

(सांगली येथे झालेल्या एका व्याख्यानाचा संपादित भाग)



‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. दुसऱ्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. परंतु त्या कथेचे मूळ आपल्या आटपाडीजवळ आहे, हे सातारा-सांगलीच्या नव्या पिढीला आता मुद्दाम सांगावे लागते. कथालेखक ग. दि. माडगूळकर त्याच माणदेशातील शेटफळ्याचे.

त्या वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी ज्यांचे नाव आपण आदराने घेतो, त्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानात ती १९३९ साली उभी राहिली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि भारतानंद या नावाने ओळखले गेलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन या प्रयोगाशी निगडित होते. त्याच वर्षी राजेसाहेबांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. स्वतःचे अधिकार ज्याने आपणहून सोडले, त्याला कैद्याभोवतीची भिंत सोडणे फारसे अवघड वाटले नसावे!

गुन्हेगार सुधारतो का? चित्रपटाने याचे उत्तर जेलरच्या दोन डोळ्यांत शोधले. पडद्यावर ते शोभतेही. परंतु व्यवस्था एका ध्येयवेड्या माणसाच्या नजरेवर चालत नाही. त्याची बदली होते, तो निवृत्त होतो. स्वतंत्रपूरचे खरे मर्म चित्रपटातून निसटले. तेथे कैदी बायकामुलांसह राहतो आणि शेती करतो. आज कारागृह विभागाच्या अखत्यारीतही वसाहतीचे हेच वेगळेपण आहे. आपल्या भागातील अनेक खून बांधाच्या, पाण्याच्या, भावकीच्या भांडणात, संतापाच्या एका क्षणी घडतात. अशा माणसाला बंद तुरुंगात दोन वेळचे जेवण मिळते, पण त्याच्यावर कोणतीच जबाबदारी उरत नाही. तिकडे घर उघड्यावर पडते. येथे मात्र पेरणी कधी करायची, मुलीच्या शाळेचे काय, हे त्यालाच पाहावे लागते. पळून जायचे तर या सर्वांना टाकून जायचे.

वाल्या कोळ्याची कथा आपण मुलांना सांगतो. तुझ्या पापात आमचा वाटा नाही, असे घरच्यांनी सांगितले आणि त्याचे डोळे उघडले. स्वतंत्रपुरात नेमके उलट घडते. पापात वाटा नसलेली पत्नी शिक्षेत वाटा घेते. या स्त्रियांविषयी आपण फार कमी बोलतो.

सर्वांना भिंतीबाहेर सोडा, असे माझे म्हणणे नाही. बंद कारागृहातील वर्तन पारखून, निवडून कैदी अशा ठिकाणी पाठवले जातात, आणि तसेच व्हावे. सुपारी घेऊन खून करणारा, टोळी चालवणारा हा संतापाच्या भरात घाव घालणाऱ्यापेक्षा वेगळा आहे. त्याला आटपाडीच्या माळावर आणून बसवणे म्हणजे भाबडेपणा होईल.

याहून कठीण प्रश्न दुसराच आहे. मारणाऱ्याची पत्नी त्याच्यासोबत राहील. मारल्या गेलेल्याच्या पत्नीने काय करावे? तिच्या शेतात कोण पेरणार? या प्रश्नापुढे दयेची भाषा थिटी पडते. माझ्या मते कैद्याच्या श्रमातील ठरावीक वाटा तिच्या घरी गेला पाहिजे. सुधारणा झाली की नाही, हे तिलाही कळले पाहिजे.

आणि सुटकेनंतर? येथे त्याच संस्थानातील आणखी एक उदाहरण आठवते. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तुरुंगातून सुटलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले. पहाऱ्यावर, बरे का! कोपऱ्यातले हमालीचे काम देऊन त्यांनी उपकार केले नाहीत. ज्याच्यापासून मालाची राखण करायची, त्याच्याच हाती त्यांनी राखण सोपवली. स्वतंत्रपूर त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी आले.

आज चौदा-पंधरा वर्षांनी सुटलेला माणूस एस.टी.तून उतरतो, तेव्हा गावात त्याला जामीन राहायलाही कोणी पुढे येत नाही. या सभागृहात कारखानदार आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत, गोठे आणि द्राक्षबागा असलेले शेतकरी आहेत. अशा एकाला कामावर घेण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर थोडे थांबावे. मी येथेच आहे.