शाळेचाही सातबारा गावासमोर वाचा
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी आणि पीकविमा यांवर बोलणे झाले. आता आम्ही शाळेचे बोलणार आहोत. कोणी म्हणेल, ही शेतकऱ्यांची बैठक आहे, इथे शाळा कुठून आली? ती कुठून आली ते आधी सांगतो.

मागच्या हंगामात गुलाबी बोंडअळीच्या बैठकीसाठी आम्ही एका गावात गेलो होतो. बोंडअळीचे बोलणे बाजूलाच राहिले. गावकऱ्यांनी एक कागद पुढे केला. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट १८ आहे, सबब ही मुले शेजारच्या गावच्या शाळेत समाविष्ट करण्याचे प्रस्तावित आहे, असा त्यातला मजकूर. आम्ही विचारले, हा १८ चा आकडा तुम्हाला आधी ठाऊक होता का? सरपंचांना नव्हता, पालकांना नव्हता, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनाही नव्हता. आकडा गावातून निघाला, केंद्रावर गेला, पंचायत समितीत गेला, पुणे-दिल्लीपर्यंत पोचला आणि गावात परत आला तो हुकूम होऊन. कापसाचेही असेच नाही का? इथून सरकी धरून जातो आणि कापड होऊन येतो. मधे काय झाले ते पिकवणाऱ्याला कोणी सांगत नाही.

हे एका गावापुरते नाही. दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुले दुसरीकडे हलवण्याचे सरकारने २०१७ साली जाहीर केले. २०२३ साली समूह शाळांची योजना पुढे आली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात चौदा हजारांवर मोजल्या गेल्या होत्या. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे किती मुलांमागे किती शिक्षक याचे, निकष बदलले. या सगळ्याच्या मुळाशी एकच वस्तू आहे, आकडा. ज्याच्या हातात आकडा, त्याच्या हातात शाळा.

हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक आहे. पहिले दोन अंक राज्याचे, आपल्याकडे २७. मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटचे दोन शाळेचे. ही पद्धत एकत्रित स्वरूपात २०१२-१३ पासून चालू आहे. वर्गवार पट, शिक्षक किती, खोल्या किती आणि कोणत्या हालतीत, पिण्याचे पाणी, मुलींचे संडास आणि ते वापरात आहेत का, वीज, आलेले अनुदान, झालेला खर्च, हे सगळे त्यात भरले जाते. शेताला जसा सातबारा तसा शाळेला हा उतारा. फरक एवढाच की सातबाऱ्यावर खोटे पीक चढले तर आपण तलाठ्याच्या दारात उभे राहतो, आणि शाळेच्या उताऱ्यावर काय चढले ते आपण आयुष्यात एकदाही पाहत नाही.

आम्ही शेतकी शाखेचे पदवीधर. मोजमाप कसे घ्यायचे हे आम्हाला शिकवले गेले, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. वर्षानुवर्षे पट मोजण्याची तारीख ३० सप्टेंबर राहिली आहे. त्या तारखेला पऱ्हाटीला बोंडे धरलेली असतात, वेचणीने जोर धरलेला नसतो. मुले वर्गात असतात. दिवाळी झाली की वेचणीचा जोर, घरात माणूसबळ नाही, आणि चौथी-पाचवीतली पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांची मुले तर कोयत्यासोबत जातात. पट मात्र तोच राहतो, कारण मोजणी झालेली असते. पेरणीनंतर वीस दिवसांनी उगवण मोजायची आणि त्यावरून एकरी उतारा लिहायचा, असला हा हिशेब आहे. उगवणीचा आकडा खोटा नसतो, पण तो उतारा नव्हे.

यात आपलाही दोष आहे, तो झाकू नये. मजुरी परवडत नाही हे खरे, पण म्हणून पोरीची शाळा बुडवायची, हा हिशेब कोणत्याच उत्पादनखर्चात धरलेला नाही. तिचे गेलेले वर्ष कोणता भाव भरून देणार?

आता शिकण्याचे बघू. ‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून निघतो. त्यांचे लोक शाळेत नव्हे तर घरी जातात, मुलाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला देतात. २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना तो वाचता आला. २०२२ साली हे प्रमाण १६.३ होते. सुधारणा आहे, पण चारातली तीन मुले अजून अडतात. आता या पाहणीची मर्यादाही समजून घ्या. जिल्ह्यातली तीस गावे आणि प्रत्येक गावातली वीस घरे, एवढाच नमुना. जिल्ह्याचा अंदाज यावा म्हणून तो ठीक आहे. पण मंडळाच्या पर्जन्यमापकात पाऊस पडला म्हणून आपल्या शिवारात पडला असे होत नाही, हे विम्याच्या वेळी आपण शिकलो आहोत. आपल्या गावातली मुले वाचतात की नाही, हे आपल्यालाच पाहावे लागेल.

आणि संशोधन? कापूस-ज्वारीचे संशोधन अजून अपुरे आहे, त्याच्याशी आमचे भांडण जुने आहे. तरी कृषी विद्यापीठाची शिफारस निदान मराठीत छापली जाते, शिवारफेरीत दाखवली जाते, अकोल्याची ‘कृषी संवादिनी’ शेतकऱ्याच्या घरी पोचते. शाळेच्या संशोधनाला अशी वाटच नाही. अभ्यासक गावात येतात, तक्ते भरून नेतात, प्रबंध होतो, पदवी मिळते. प्रबंध बहुधा इंग्रजीत आणि कपाट विद्यापीठाचे. ज्या गावाने माहिती दिली त्या गावाला निष्कर्षाचे एक पानही मिळत नाही. नमुना आमच्या शेतातला आणि निकाल आमच्यापासून लपवलेला, असे माती परीक्षणात कोणी केले तर आपण चालवून घेऊ का?

हा वाद आजचा नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेती आणि शाळा त्यांनी वेगळ्या धरल्या नाहीत. पैसा कुणाचा आणि खर्च कुणावर, हे त्यांनी विचारले. आज त्यात आणखी एक प्रश्न घालायचा आहे. माहिती कुणाची आणि ती कुणाला दिसते?

कायदा आपल्या बाजूचा आहे. माहितीचा अधिकार राज्यात २००२ साली आणि देशात २००५ साली आला. त्याच्या चौथ्या कलमाकडे आपले लक्ष जात नाही. ते सांगते की लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यामागची सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करा, ज्यांना झळ पोचते त्यांना कारणे द्या, आणि माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करा. अर्ज न करता हे व्हायला हवे. नाही झाले तर दहा रुपयांचा अर्ज आहे, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत. आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत लिहायचा. तीस दिवसांत उत्तर न आले तर पुढच्या तीस दिवसांत अपील. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया सांगितल्या आहेत. शाळेचा विकास आराखडा त्या समितीने करायचा आहे. आकडाच माहीत नसेल तर आराखडा कशाचा करणार?

राजस्थानात १९९४ साली मजूर-शेतकऱ्यांनी जनसुनावणी भरवली आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले. मेलेल्यांची नावे मजुरीला लावलेली निघाली. तेवढ्या वाचनातून देशाच्या कायद्याची वाट निघाली. आपल्याकडे सातबाऱ्याचे चावडी वाचन झालेले आहे. शाळेचे का होऊ नये?

त्या गावाचे काय झाले? गावाने अर्ज केला, अंतराची नोंद मागितली. कागदावर एक किलोमीटर होते. आम्ही पालकांसोबत चालून पाहिले. मधे नाला आहे, पावसाळ्यात तो कमरेच्या वर जातो. कागदावर अंतर होते, नाला नव्हता. गावाने हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून दिले. त्या वर्षी शाळा हलली नाही. पुढे टिकेल की नाही, ते गाव पट किती राखते आणि मुलांना किती शिकते करते यावर आहे. खोटा पट दाखवून शाळा वाचवू नका. खोट्या आकड्याविरुद्ध लढणाऱ्याला खोटा आकडा शोभत नाही.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने तीन कामे करावीत. एक, मुख्याध्यापकांकडून शाळेचा यूडायस क्रमांक आणि भरलेला उतारा घ्यावा. गुरुजींशी भांडू नका, बहुतेकांना हे भरण्याचाच जाच आहे. दोन, तो ग्रामसभेत मराठीत वाचावा आणि गावातली खोली, नळ, संडास यांच्याशी ताडून पाहावा. आकडे वाचा, कोणत्याही मुलाचे नाव, जात, गुण चावडीवर वाचू नका. तीन, ऐन वेचणीत एक दिवस शाळेत जाऊन हजर मुले मोजावीत आणि तो आकडा सप्टेंबरच्या पटाशेजारी लिहावा.

हे तीन कागद शंभर गावांतून आले तर जिल्हा परिषदेपुढे आपण तक्रार घेऊन जाणार नाही, हिशेब घेऊन जाऊ. मागणी एकच राहील. गावाच्या शाळेबद्दलचा कोणताही निर्णय होण्याआधी त्याचा आकडा, त्याचे कारण आणि त्यामागचा अभ्यास मराठीत गावासमोर वाचला गेला पाहिजे.

कापूस वजन करताना काट्यावर नजर ठेवायला आपण पोरांना शिकवतो. आता त्यांच्या शाळेच्या काट्यावर आपण नजर ठेवू या.