गोंदून घ्यायचे आहे?



जत्रा जवळ आली आहे. पाळणे येतील, भांड्यांची दुकाने येतील, आणि गोंदणारेही येतील. वर्गातल्या दोघातिघांनी आम्हाला विचारले, "गोंदून घ्यावं का?" म्हणून आज गोंदणावर बोलायचे ठरवले आहे. घ्या किंवा घेऊ नका, असे आम्ही सांगणार नाही. अंग तुमचे आहे. पण अंगावरचे गोंदण पाटीवरच्या अक्षरासारखे पुसता येत नाही. तेव्हा आधी नीट बघून घेतलेले बरे.

लोक गोंदून का घेतात? म्हाताऱ्या बायका सांगतात, मेल्यावर डागदागिने काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते. ज्या घरात सोने कधी आलेच नाही, त्या घरातल्या बाईचा गोंदण हाच दागिना. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपका, दंडावर तुळशीवृंदावन, मनगटावर विंचू. हा दागिना चोराला नेता येत नाही, सावकाराकडे गहाण पडत नाही. गरिबाने शोधलेली ही युक्ती आहे, तिला कुणी हसू नये.

कुणी दुखण्यावर उपाय म्हणून दुखऱ्या सांध्यावर ठिपके गोंदून घेतात. ही समजूत फार जुनी असावी. युरोपात आल्प्स नावाचा मोठा पर्वत आहे. तिथे १९९१ साली बर्फात एका माणसाचे शव सापडले. तो माणूस पाच हजार वर्षांपूर्वीचा! त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या. त्यांतल्या बऱ्याच कंबर, गुडघा आणि घोटा यांच्याजवळ होत्या. दुखणे थांबावे म्हणून त्या केल्या असाव्यात, असे अभ्यास करणाऱ्यांना वाटते. त्याचे दुखणे थांबले की नाही, ते त्यालाच ठाऊक.

आणि नाव. पोर जत्रेत हरवले तर सापडावे म्हणून हातावर नाव गोंदत. बायका नवऱ्याचे नाव गोंदून घेत. गंमत बघा. जे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ते जन्मभर हातावर घेऊन फिरायचे! आणि वाचता तर येत नाही.

आमच्या एका वर्गात एक आजीबाई होत्या. त्यांच्या नवऱ्याचे नाव मारुती. चाळीस वर्षांपूर्वी जत्रेत ते नाव त्यांनी हातावर गोंदून घेतले होते. वर्गात उकार शिकवून झाला, तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि एकेक अक्षर लावून वाचले. मा. र. ती. "र"ला उकारच नव्हता! मारुतीचे "मारती" झाले होते. सगळा वर्ग हसला. आजीबाईही हसल्या. म्हणाल्या, "गोंदणारी तरी कुठं शाळंत गेली हुती?"

तुम्हाला आता वाचता येते. नाव गोंदवायचे असेल तर आधी ते कागदावर लिहा. काना, मात्रा, वेलांटी, उकार तपासा. यंत्र सुरू होण्याआधी कातडीवर काढलेली अक्षरेही वाचा. तरण्या पोरांना आणखी एक सांगणे आहे. ज्या मुलीचे नाव गोंदवता, तिला विचारले आहे का? उद्या लग्न दुसरीकडे ठरले तर त्या हाताचे काय करणार? लेसर नावाच्या प्रकाशाने गोंदण फिके करता येते. पण त्यासाठी पुन्हापुन्हा जावे लागते, पैसा बराच लागतो, आणि खूण राहू शकते.

गोंदण टिकते कसे? आपली वरची कातडी सारखी झडत असते. सुई तिच्याखालच्या थरात रंग सोडते. तो थर झडत नाही. पूर्वी दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवून सुयांच्या जुडीने टोचत आणि वर हळद लावत. आता यंत्र आले. पण सुई आत जाते म्हणजे रक्ताला लागते, हे तेव्हाही खरे होते, आजही खरे आहे. एकाची सुई दुसऱ्याला टोचली, तर एकाच्या रक्तातले जंतू दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. ब आणि क प्रकारची कावीळ अशीच पसरते. एड्सचे जंतूही असे जाऊ शकतात. सुई फडक्याने पुसली, गरम पाण्यात बुडवली, एवढ्याने भागत नाही. बंद पाकिटातली नवी सुई तुमच्यासमोर उघडली पाहिजे. रंगही नव्या वाटीत घेतला पाहिजे, कारण आधीच्या माणसाची सुई जुन्या वाटीत बुडालेली असते. हे मागायला लाजू नका. गोंदणारा चिडला तर उठून या.

सैन्यात जायचे असेल तर थांबा. हाताची आतली बाजू, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचे गोंदण भरतीत चालते. आदिवासींच्या रीतीच्या गोंदणाचा विचार वेगळा करतात. बाकीच्यांच्या छातीवर किंवा मानेवर गोंदण असले, तर भरतीतून परत पाठवतात.

पूर्वी लहान मुलींना धरून बसवत आणि गोंदत. सोसायची सवय लागते, असे म्हणत. हे आम्हाला पटत नाही. ती मोठी होऊ द्या, मग तिचे तिला ठरवू द्या.

गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. घरात कुणाचे ऑपरेशन ठरले असेल आणि रक्त तुम्हीच द्यायचे असेल, तर गोंदण त्यानंतर करा. जागा स्वच्छ ठेवा. खपली नखाने काढू नका. पू झाला, ताप आला किंवा सूज वाढत गेली, तर पाला बांधून घरी बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना सांगा, की गोंदून घेतले आहे.