बंदी भागाचा हिशेब



३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी निजामी राजवटीतली बँक लुटली, ती याच उमरीत. त्यामुळे इथे पैशाचा विषय काढताना मी जरा जपूनच असतो. पण आजचा विषयच पैशाचा आहे. जंगल राखलं, तर जंगलाशेजारच्या गावाच्या पदरात काय पडतं?

अभयारण्य आपल्याला फार लांब नाही. भोकर ओलांडून हिमायतनगर-किनवटच्या अंगाला गेलं की पैनगंगा लागते. तिच्याच नावाचं अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत पसरलंय. उमरखेड तालुक्यातल्या त्या जंगलगावांना सगळे 'बंदी भाग' म्हणतात. रस्ता रुंद करायचा, विजेची तार ओढायची, की आधी वनखात्याचा दाखला हवा. आंध, गोंड, बंजारा वस्त्यांमधल्या माणसाला अभयारण्य भेटतं ते असं.

आणि भेटतं ते रात्री. सोयाबीन शेंगांवर आलं की माळ्यावर जागल सुरू होते. बॅटरी, डबा बडवायला काठी, शेकोटी. पहाटे जरा डोळा लागला की रानडुकरांचा कळप आत. ती खातात त्याहून जास्त लोळून नासवतात. मग तीन दिवसांच्या आत अर्ज, सातबारा, फोटो, पंचनामा. भरपाई मिळते, नाही असं नाही. पण जागलीच्या रात्रींची मजुरी कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आता दुसरी बाजू. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली दाराशी जाऊन बघा. जिप्सी गावातली, गाईड गावातला. आता गावच्या बायकाही गाईड म्हणून जिप्सीत बसतात. राहण्याच्या सोयींमुळे गावात रोजगार आला. महिन्याकाठी रोख घरात येते आणि ती बाईच्या हातात येते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मात्र पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद राहते आणि मोठी रिसॉर्टं बहुधा बाहेरच्यांची असतात. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं, तेंदूपानं वेचायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. मोहर्लीचा फोटो दाखवून हा भाग झाकायचा नाही.

२०१५ साली भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेनं देशातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांची किंमत काढली. रणथंबोरचा वार्षिक लाभ ८३० कोटी, पेरियारचा १,७६० कोटी. आकडे ऐकून छाती फुगते. पण त्यातला मोठा वाटा रोखीचा नाही. धरणात उतरणारं पाणी, अडलेली माती, झाडांनी शोषलेला कार्बन, अशी ती कमाई आहे. पाणी खालच्या शहराला आणि कालव्याला मिळतं. डुक्कर मात्र वरच्याच शेतात शिरतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की नफा लांबच्याला आणि तोटा शेजाऱ्याला, असा हा व्यवहार चाललाय.

२०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातल्या एका कॉलर लावलेल्या वाघानं हे नकाशावर काढून दाखवलं. जूनमध्ये निघालेला हा गडी शेतं, नाले, महामार्ग पार करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एवढी मजल तेराशे किलोमीटरची. जगभर कौतुक झालं. ज्यांच्या कपाशीतून तो गेला, त्यांच्या वाट्याला कुठल्या तिकिटातला रुपया आला?

पैनगंगेत वाघ दाखवून ताडोबा उभा करू, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. वाघ दिसण्याची हमी नाही, तिथे पर्यटक टिकत नाही. पण पावसाळ्यात पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गर्दी लोटते. लोक कणसं खातात, फोटो काढतात, संध्याकाळी परत फिरतात. त्या गर्दीची पार्किंग, जेवण, मुक्काम आसपासच्या ग्रामसभांकडे द्यायला वाघाची गरज नाही. २०१५ पासून राज्यात जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून गॅस, सौरकुंपण अशा गोष्टी अभयारण्यालगतच्या गावांना मिळू शकतात. सरपणासाठी जंगलात जाणं कमी झालं, तर हल्ल्याची भीतीही तेवढी घटते. वन हक्क कायदा २००६ चा. त्याखाली सामूहिक हक्काचा दावा मंजूर झालेल्या गावात तेंदूपानं कुणाला आणि कोणत्या भावानं विकायची, हे ग्रामसभा ठरवते.

उन्हाळ्यात तेंदूची तोडणी सुरू होते. आपल्या तालुक्याचे नातेवाईक किनवट-उमरखेडकडे पुष्कळ आहेत. त्यांना एवढं विचारा, की तुमच्या गावचा सामूहिक दावा कुठल्या कचेरीत पडून आहे.